चौदाव्या परिच्छेदातलं वाक्य

गुलाबराव रामटेके सही करायच्या आधी कागद वाचायचे. त्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने त्यांना बँकेत पाहिलेलं नाही. लॉकरचा फॉर्म असो, गॅसचा असो नाहीतर नातवाच्या सहलीचा, गुलाबराव चष्मा लावून पहिल्या ओळीला बसायचे ते शेवटच्या ओळीलाच उठायचे. मागची रांग कुरकुरायला लागो, काउंटरवरचा बाबू ‘अंकलजी, साइन कर दीजिए बस’ म्हणून हात जोडो, हे ढिम्म. वर खिशातून लाल पेन काढून छापील मजकुरातल्या चुका दुरुस्त करणार आणि मगच खाली नाव लिहिणार. पहाडगंजच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस तो. नोकरीतून रिटायर झाले होते, पेनातून नाही.

या सवयीला कारण होतं. त्यांचे वडील नागपूरला गिरणीत होते. बोनसचा कागद आहे म्हणून साहेबाने एकदा त्यांचा अंगठा घेतला, आणि कागद निघाला राजीनाम्याचा. गुलाबराव तेव्हा नववीत होते आणि त्यांची धाकटी बहीण नंदा पाळण्यात. पुढची चार वर्षं घरात चूल कशी पेटली ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. कागद मात्र वाचत राहिले.

नंदाला त्यांनीच वाढवलं म्हणायला हवं. बारावी झाल्याबरोबर दिल्लीला आणली, कॉलेजात घातली, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर असे घोटून घेतले की पोरगी रडकुंडीला यायची. त्या रडण्याचं पुढे चीज झालं. आता बावन्न वर्षांची नंदा गाझियाबादच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून नोएडाच्या एका भाषांतर कंपनीचं काम करायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

काम असं की, नवीन औषध माणसांवर तपासून बघायचं तर आधी त्या माणसाला त्याच्या भाषेत सगळं समजावून सांगावं लागतं. औषध काय, धोका काय, त्याच्या पदरात काय पडणार. मग तो सही करतो. त्या कागदाला संमतीपत्र म्हणतात. इंग्रजीत आलेलं संमतीपत्र नंदा मराठीत करायची. मग कंपनी ते मराठी दुसऱ्याच कुणाकडे तरी देऊन परत इंग्रजीत करून घ्यायची आणि दोन्ही इंग्रजी शेजारी-शेजारी ठेवून ताडून बघायची. एक शब्द जास्त नको, एक कमी नको. तो दुसरा माणूस कोण हे नंदाला कधीच कळत नसे.

गुलाबरावांचा मुलगा अतुल एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्याला लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं आणि गुलाबराव, त्यांची बायको म्हणजे नंदाची वहिनी, सगळे तिथेच राहायचे. चार वर्षांपूर्वी गुलाबरावांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा भानुमतीवहिनींनी आपली एक दिली. भावनेचं प्रदर्शन वगैरे वहिनींना जमायचं नाही. ऑपरेशननंतर नवऱ्याने चोरून लोणच्याची फोड उचलली की त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “माझी किडनी आहे ती. सांभाळून वापरायची.” आणि गुलाबराव निमूटपणे फोड ठेवून द्यायचे.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात दिल्लीत जे झालं ते इथे परत सांगत नाही. ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत, ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून काय होणार. एवढंच सांगतो की त्या दोन महिन्यांत अतुल घरात राहिला नाही. त्याला ऑफिसला जावंच लागायचं, म्हणून तो एका मित्राच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये राहिला आणि बायको-मुलाला तिच्या माहेरी पाठवलं. दोघं म्हातारे दाराला आतून कडी लावून बसले. वाचले.

मग लशीचा नंबर लागला. गुलाबरावांनी दोन्ही डोस घेतले आणि डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, काहीच नाहीत. शून्य. नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या घ्यायच्या, त्याच गोळ्या लशीलाही अंगी लागू देत नव्हत्या. अशा माणसांसाठी परदेशातली एक कंपनी इंजेक्शन काढत होती. त्यात तयार प्रतिपिंडंच टोचायची, म्हणजे शरीराने काही करायलाच नको, सहा महिन्यांची निश्चिंती. त्याची चाचणी भारतात पाच ठिकाणी होणार होती, त्यातलं एक इस्पितळ नोएडात. डॉक्टरांनी विचारलं, भाग घेता का?

गुलाबराव म्हणाले, कागद दाखवा. हिंदी-इंग्रजी दाखवला तर म्हणाले, मराठीत आहे का? मी मराठीत विचार करतो. पुण्या-नागपूरच्या केंद्रांसाठी मराठी प्रत होती. इस्पितळाने ती मंजूर करून घेऊन मागवेपर्यंत दोन आठवडे गेले. गुलाबराव बसून राहिले.

एका रविवारी नंदा लक्ष्मीबाई नगरला गेली तर दादा व्हरांड्यात बावीस पानं मांडीवर घेऊन बसलेले. लाल पेन बंद होतं.

“नंदा, हे बघ,” ते म्हणाले. “सरकारी छापाचं इतकं नीट मराठी मी आयुष्यात पाहिलं नाही. सोळा पानं वाचली, एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. कोण असेल गं हा?”

नंदाने पहिलं पान पाहिलं. तिचंच होतं. जुलैत केलेलं.

“दादा, हे माझं आहे,” ती म्हणाली. “पण कुणाला बोलू नकोस. जवळचं माणूस चाचणीत असेल तर कंपनीला कळवावं लागतं. मग ते माझ्याकडून काम काढून घेतात.”

गुलाबराव नुसते हसले, आणि पाठमोऱ्या वहिनींना हाक मारून म्हणाले, “अगं ऐकलंस का, हिने केलंय हे.” म्हणजे जे बोलू नको म्हटलं ते पहिल्या मिनिटात घरभर. पण नंदाला राग आला नाही. दादांनी तिच्या कामाला बरं म्हटलेली ती पहिली वेळ होती.

मग त्यांनी अकराव्या पानावरचा चौदावा परिच्छेद काढला आणि मोठ्याने वाचला. चाचणीत निम्म्या लोकांना खरं इंजेक्शन आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचणार होते. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. आणि शेवटी हे वाक्य: ‘औषध गुणकारी ठरल्यास, ज्यांना मिठाचं पाणी मिळालं होतं त्या प्रत्येकाला ते विनामूल्य दिलं जाईल.’

“मी याच्यावर सही करतोय,” गुलाबराव म्हणाले. “बाकी एकवीस पानं गेली उडत. मला पाणी मिळालं तरी हरकत नाही. कुणावर तरी पाणी टोचल्याशिवाय औषध खरं की खोटं ते कळणार नाही, हे मला पटतं. पण कळल्यावर मला विसरायचं नाही. हा व्यवहार सरळ आहे.”

त्यांनी सही केली. सप्टेंबरात इंजेक्शन टोचून घेतलं आणि महिन्या-महिन्याला रक्त द्यायला मेट्रोऐवजी अतुलच्या गाडीतून नोएडाला जायला लागले.

नोव्हेंबरात बातमी आली की इंजेक्शन कामाचं आहे. चांगलंच कामाचं. पाठोपाठ गुलाबरावांना इस्पितळातून कळवलं की तुम्हाला पाणी मिळालं होतं. वहिनींचा चेहरा उतरला, पण गुलाबराव म्हणाले, “उतरायला काय झालं? चौदावा परिच्छेद आहे ना. जानेवारीत मिळेल.” वहिनींनी कॅलेंडरवर जानेवारीच्या पानाला खूण करून ठेवली. त्या दिवसापासून ते इंजेक्शन त्या घरात जवळजवळ येऊनच पडलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केतनची मेल आली. केतन भाषांतर कंपनीत हे काम वाटून देणारा माणूस. मूळचा जळगावचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, वागायला साधा. त्याला या गोष्टीत खलनायक करायची माझी इच्छा नाही आणि तो तसा नव्हताही. मेलमध्ये होतं, संमतीपत्राची नवी आवृत्ती आली आहे, एकूण एक्केचाळीस बदल, संध्याकाळी पाचपर्यंत हवेत. अशा वेळी सगळं परत वाचायचं नसतं. बदलांचा तक्ता येतो, तेवढ्याच जागा दुरुस्त करायच्या. फोन नंबर बदला, तारीख बदला, डॉक्टरांचं नाव बदला. नंदा एकामागून एक करत गेली. सत्ताविसाव्या ओळीत लिहिलं होतं: परिच्छेद चौदा, शेवटचं वाक्य, काढून टाका.

तिने हात कीबोर्डवरून उचलला. मग तक्त्याच्या वर भाषांची यादी होती ती पाहिली. हा बदल कोणकोणत्या भाषांत करायचा त्याची. मराठी, हिंदी, तेलुगू, सिंहली, झुलू, स्वाहिली, पेरू देशातली स्पॅनिश. चाचणी जर्मनीत चालू होती, हॉलंडात होती, जपानात होती, हे तिला पहिल्या आवृत्तीवरून ठाऊक होतं. त्या भाषा यादीत नव्हत्या. तिकडचं वाक्य जागच्या जागी होतं.

तिने केतनला फोन लावला.

“केतन, सत्तावीस नंबर बघितलंस?”

“हो मॅम. औषध कंपनीचा, स्पॉन्सरचा डिसिजन आहे. एथिक्स कमिटीने पास केलंय.”

“लोकांनी त्या वाक्यावर सह्या केल्यात.”

“म्हणूनच तर परत सह्या घेतायत ना मॅम. प्रोसीजर बिल्कुल क्लिअर आहे.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “माल नाहीये मॅम. पुढच्या सगळ्या वर्षाचा माल बुक झालाय. मोठ्या देशांनी माणशी तीन-तीन डोस घेऊन ठेवलेत, गोदामात. आपल्याकडे कंपनी लायसन्सलासुद्धा अर्ज करणार नाही म्हणतात. नाहीच इथे विकायचं, तर देणार कुठून?”

“तपासायला आणलं होतं ते कुठून?”

“पाचपर्यंत पाठवा मॅम,” केतन म्हणाला. तो तरी काय सांगणार. पाच ठिकाणच्या सहाशे माणसांनी दंड पुढे केले, रक्त दिलं, त्या रक्तावर औषध खरं ठरलं, आणि आता त्यांच्या तोंडाला पानं पुसायची होती. तीही सभ्य मराठीत. आणि ती पुसायला गुलाबरावांच्याच बहिणीचा हात लागणार होता.

ती पुढे काही बोलू शकली असती. माझा भाऊ त्यात आहे, हे एक वाक्य. ते बोलली असती तर काम गेलं असतं आणि वाक्य दुसऱ्या कुणीतरी काढलं असतं. हे ती स्वतःला पुढे शंभर वेळा सांगणार होती, आणि ते खरंही होतं. तिने ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. खाली छापील प्रमाणपत्र असतं, ‘हे भाषांतर मुळाशी तंतोतंत आहे’ असं. त्याच्यावर सही केली. वाक्य दोन्हीकडून गेलेलं, त्यामुळे ताडून बघणाऱ्यालाही काही खटकायचं कारण नव्हतं. पाचला दहा कमी असताना मेल गेली.

पण दादांना सांगायचं, हे तिने ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं. दादा नवा कागद वाचणार, पकडणार, सही नाकारणार, इस्पितळात तमाशा करणार. करू देत. त्या आधी आपण जाऊन सांगू. आठवडाभर कामाने मान वर करता आली नाही. की तिनेच केली नाही, देव जाणे. पुढच्या रविवारी ती लक्ष्मीबाई नगरला पोचली.

वहिनी मटार सोलत होत्या. गुलाबराव उन्हात खुर्ची टाकून बसलेले, एकदम खुशीत.

“शुक्रवारी बोलावलं होतं इस्पितळात,” ते म्हणाले. “नवीन आवृत्ती आलीय तुझी. करून आलो सही.”

“वाचलंस ना?” नंदाने विचारलं.

“छे. तिथली पोरगी म्हणाली, अंकल, वाचून घ्या, काही बदल आहेत. म्हटलं, माझ्या बहिणीचं मराठी आहे, मी काय वाचू? तूच केलंस ना?”

“हो,” नंदा म्हणाली.

“मग झालं तर.”

आयुष्यात एकाच कागदावर या माणसाने न वाचता सही केली, आणि तो हा. तेव्हा तरी बोलायचं. समोर दादा, शेजारी वहिनी, हातात मटाराची शेंग. पण बोलायचं म्हणजे नुसतं वाक्य गेलं एवढंच नव्हतं सांगायचं. ते मी काढलं, हे सांगायचं होतं. बापाचा अंगठा घेणारा तो गिरणीतला साहेब तिने कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी तिला वाटलं, तो असाच असेल. घरी बोलवावा, चहा द्यावा असा. वहिनींनी मटारभात केला आणि ती तो जेवून गाझियाबादला परत गेली.

जानेवारी उजाडला तो नव्या लाटेसह. या खेपेचा आजार सौम्य आहे, सौम्य आहे, असं जो तो सांगत होता. ज्यांच्या अंगात लस होती त्यांना तो सौम्यच होता. अतुल म्हणाला, मी परत मित्राच्या क्वार्टरमध्ये जातो, ऑफिसात रोज दोन-तीन जण पॉझिटिव्ह निघतायत. वहिनींनी नंदाला फोन केला.

“नंदाताई, हा अतुल परत घर सोडून जायचं म्हणतोय. पोरगा लहान आहे, बापाशिवाय राहत नाही. म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न. यांना इंजेक्शन मिळतंयच ना आता. कशाला जायचं? तुम्हाला काय वाटतं?”

नंदा खिडकीशी उभी होती. समोरच्या बाल्कनीत कुणीतरी गादी वाळत घालत होतं.

“बघा तुम्ही,” ती म्हणाली.

नुसतं एवढंच. मेलीने खोटंही बोलायचं धाडस केलं नाही आणि खरंही. वहिनींनी त्याचा अर्थ हो असा घेतला. दुसरं कुणी काय घेतलं असतं? अतुल घरातच राहिला.

तीन दिवसांनी गुलाबरावांचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती. उलट शाळेच्या दिवसांतला तो उत्साह होता, मासिकाचं प्रूफ तपासतानाचा.

“नंदा, इस्पितळात फोन केला होता तारीख विचारायला. तर तिथली पोरगी म्हणते, तसं काही कागदात नाही. म्हटलं, नाही कसं? घरातली प्रत काढून वाचली. अगं, चौदाव्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्यच गळलंय. टायपिंगमध्ये गेलेलं दिसतंय. तुझ्या त्या केतनला सांग, दुरुस्ती करून पाठव म्हणावं.”

“दादा,” ती म्हणाली.

“तुझी चूक म्हणत नाही मी. एवढ्या बावीस पानांत एखादी ओळ निसटते. माझीही निसटायची.”

“बघते,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात अतुलचा घसा धरला. त्याला दोन दिवस कणकण, तिसऱ्या दिवशी ठणठणीत. गुलाबरावांचा ताप चढला तो उतरलाच नाही. त्यांना ठेवलं ते त्याच नोएडाच्या इस्पितळात. ज्या इमारतीत त्यांच्या रक्ताच्या नळ्या सांभाळून ठेवल्या होत्या तिच्या वरच्या मजल्यावर ते सोळा दिवस होते. सोळाव्या दिवशी दुपारी गेले. वहिनींना आत सोडलं नव्हतं. त्या खाली गाडीत बसून होत्या, हातात गुलाबरावांचा चष्मा घेऊन, कारण तो आत नेऊ दिला नव्हता.

बुद्धवंदना झाली, लोक येऊन गेले. कपाटातले कागद आवरताना नंदाच्या हाती संमतीपत्राची नवी प्रत लागली. अकरावं पान मुडपलेलं होतं. चौदाव्या परिच्छेदाच्या शेवटी लाल शाईने हंसपद काढलेलं होतं, गळलेला मजकूर इथे घालावा अशी खूण, जशी ते पोरांच्या वह्यांत काढायचे. आणि समासात त्यांच्या रेखीव अक्षरात ते वाक्य लिहिलेलं होतं, पाठ असलेलं, जसंच्या तसं. शेजारी तारीख आणि सही. नंदाने ते पान परत मुडपून फाइलीत ठेवलं. वहिनींनी विचारलं, काय होतं? ती म्हणाली, इस्पितळाचे कागद.

दीड वर्ष गेलं. नंदाने काम सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर निदान सांगायला बरं झालं असतं, पण नाही सोडलं. एका सकाळी केतनची मेल आली. इंजेक्शनची चाचणी अधिकृतपणे संपली होती आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, किंवा त्याच्या घरच्यांना, साध्या सोप्या भाषेत आभाराचं पत्र जायचं होतं. दोन पानं. केतनने मुद्दाम लिहिलं होतं, ‘मॅम, स्पॉन्सरला वॉर्म टोन हवा आहे.’

नंदाने पत्र मराठीत केलं. आपुलकीचं हवं ना, दिलं आपुलकीचं. ‘तुमच्यामुळे जगातल्या लाखो लोकांना संरक्षण मिळालं’ असं इंग्रजीत होतं, ते तिने असं लिहिलं की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत. आणि शेवटी, सहीच्या वर, एक ओळ जास्त घातली: ‘तुम्हाला हे औषध देण्याचं वचन आम्ही दिलं होतं आणि मग ते कागदावरून काढून टाकलं.’

दोन दिवसांनी फोन आला.

“मॅम, उलट भाषांतरात एक एक्स्ट्रा वाक्य दिसतंय. मुळात नाहीये ते.”

“मुळात होतं, केतन.”

“कुठे? मी तीनदा चेक केलं.”

“पहिल्या आवृत्तीत. परिच्छेद चौदा. माझा भाऊ होता त्या चाचणीत.”

केतन म्हणाला, “मला माहीत नव्हतं, मॅम.” आणि अवघडून, “पण ते काढावं लागेल. मी इथूनच काढतो. तुम्ही नका त्रास घेऊ.”

त्याने काढलं. नंदाचं नावही त्या कामावरून काढलं, पण बाहेर कुठे बोलला नाही. आपल्या परीने तो चांगलाच वागला. पत्रं छापून गेली.

महिन्याभराने दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज ओला होता.

“नंदाताई, यांच्या नावाने पत्र आलंय. त्या इंजेक्शनवाल्यांचं. मराठीत. थांबा, वाचते.”

आणि त्यांनी वाचलं. चष्मा चढवून, सावकाश, सगळंच्या सगळं. तुमच्यामुळे जगातल्या लाखो लोकांना. नंदा आपलीच वाक्यं ऐकत खुर्चीत बसून होती.

“किती गोड लिहिलंय हो,” वहिनी म्हणाल्या. “इतक्या लांबचे लोक, पण आठवण ठेवली. हे असते तर पेन काढून बसले असते आणि त्यांना एक चूक सापडली नसती. फ्रेम करून लावावं म्हणते फोटोखाली.”

“नका लावू,” नंदा म्हणाली.

“का?”

“ते मी लिहिलंय, वहिनी. पैसे घेऊन.”

नंदाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि दादांच्या कागदातलं ते वाक्य टायपिंगमध्ये गळलं नव्हतं. मला काढायला सांगितलं आणि मी काढलं. डिसेंबरातच. इंजेक्शन मिळणार नाही हे मला तेव्हापासून ठाऊक होतं.”

पलीकडे मागे कुकरची शिटी झाली, नातू काहीतरी मागत होता, त्याला वहिनी थांब म्हणाल्या.

“म्हणजे मी अतुलचं विचारलं तेव्हाही,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“मी त्याला घरात ठेवून घेतलं. मीच म्हटलं, जाऊ नको.”

“वहिनी…”

“माझी किडनी होती त्यात, नंदाताई,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “त्या परक्यांना मी काय विचारणार? पण तुम्ही मला विचारायचं तरी होतंत.”

आणि त्यांनी फोन ठेवला. नंदाने परत लावला. वाजून वाजून बंद झाला.